पहिल्या तड्यानंतर

बांबूउडीत बांबू नसतो, हे सांगितलं की लोकांना उगाच फसवल्यासारखं वाटतं. नाव बांबूचं आणि हातात पोल काचेचा! केसाहून बारीक असे काचेचे लाखो धागे एकमेकांशेजारी निजवायचे आणि रेझिन नावाच्या डिंकात भिजवून पक्के करायचे, की झाला पोल. त्यातला एक धागा चिमटीत धरला तर नुसत्या फुंकरीने हलतो. सगळे मिळून मात्र धावत आलेल्या पोरीला पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत उचलून नेतात.

या गोष्टीतल्या पोरीला तिचे बाबा नाकतोडी म्हणत. पाळण्यातून ती दोनदा बाहेर पडली होती, आणि दोन्ही वेळा रडायचं सोडून हसत होती. पुढे जिने, कठडे, शाळेची भिंत, काही म्हणता काही तिने सोडलं नाही. शेवटी मैदानावरच्या सरांनीच तिच्या हातात पोल दिला आणि सांगितलं, "उडायचंच आहे ना, मग शिस्तीत उड." त्याला आता चार वर्षं होत आली होती. पोरगी सतरा वर्षांची होती आणि जमिनीवर असली की तिला करमत नसे.

तिची आई नेमकी उलट्या धंद्यातली. तिला पगार मिळे तो वस्तू मोडण्याचा. हातोडीने नव्हे हो, कॉम्प्युटरवर. विमानाच्या शेपटीचा भाग, दाराची चौकट, पंख्याचं पातं असं जे जे कारखान्यात धागे आणि डिंकातून घडायचं, ते घडण्याआधी तिच्या टेबलावर यायचं. ती कॉम्प्युटरात त्या वस्तूचे बारीक बारीक चौकोन पाडी, एकेका चौकोनाला सांगे की तुझे धागे या दिशेला, तुझा डिंक इतका चिवट. आणि मग भार वाढवत नेई, तडा जाईपर्यंत. तडा कुठे गेला, किती भाराला गेला, ते कळवून ती मोकळी होई. ऑफिसात तिला मोडकरीण म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. चूक एवढीच केली, की हे नाव कौतुकाने घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून घरात कपाचा कान उडाला तरी नवरा लांबूनच विचारी, "मोडकरणीचा हात लागला वाटतं?" हा नवरा शाळेत भूगोल शिकवत असे आणि वर्गात न खपणारे विनोद घरी आणत असे.

तर एका संध्याकाळी जेवता जेवता नाकतोडीने विचारलं, "आई, पोलला थोडंसं लागलं तर काही होतं का गं?"

"थोडंसं म्हणजे?"

"अगं, काही नाही. उडी झाली, मी गादीवर पडले, आणि पोल मागे जाऊन दांडीच्या स्टँडच्या लोखंडी पायावर आपटला. नखाएवढी खूण आलीय. सरांनी बघितलं, टेप मारली. विषय संपला."

आईने घास ताटात ठेवला. "कधी झालं हे?"

"गेल्या आठवड्यात."

"आणि मला आज सांगतेस?"

"मग तू विचारलंस कुठे आधी?"

यावर बाप फिस्सकन हसला आणि बायकोचा चेहरा बघून भाजी वाढून घेऊ लागला. कारण बायको हसत नव्हती. तिच्या धंद्यात भगदाडाची भीती कोणालाच नसते. भगदाड दिसतं, वस्तू फेकून देता येते. भीती असते ती नखाएवढ्या खुणेची. धाग्यांच्या वस्तूला ठोसा बसला की वरची कातडी साळसूद राहते आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. बाहेर नख, तर आत तळहात. आणि वरून निळा रंग फासलेला असल्यावर देवालासुद्धा दिसायचं नाही.

"दुसरा पोल घे," ती म्हणाली.

"दुसरा मऊ आहे. गेल्या वर्षीचा." नाकतोडीने ताट सरकवलं. "मी वाढले, माझं वजन वाढलं. मऊ पोल नुसता वाकतो, वर फेकतच नाही. त्याच्यावर माझी उडी ठरलेल्या उंचीच्या हातभर खाली राहते. नवीन मागवला तर यायला महिने लागतात. आणि निवड दहा दिवसांवर आहे, आई. दहा!"

निवड म्हणजे काय ते घरात सगळ्यांना पाठ होतं. ठरलेली उंची पार केली, तर वर्षभर मोठ्या मैदानावर राहून शिकायला मिळणार होतं. नाही केली, तर पुढच्या वर्षी या. गेल्या वर्षी ती बोटभराने राहिली होती आणि तीन दिवस कोणाशी बोलली नव्हती.

आईने त्या रात्री वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली, खुणेची मापं घेतली आणि अडगळीत पडलेल्या, त्याच जातीच्या एका मोडक्या पोलचा तुकडा सरांकडून मागून आणला. पोल बनवणारे आतल्या थरांची रचना कोणाला सांगत नाहीत. तिने तो तुकडा ऑफिसच्या भट्टीत ठेवून डिंक जाळून टाकला आणि उरलेले काचेचे थर टेबलावर एकेक करून उलगडले: हा सरळ, हा तिरपा, हा आडवा गुंडाळलेला. मग तसाच पोल कॉम्प्युटरात उभा केला. त्याला लोखंडी पायावर आपटवला. वाकवला. निम्मासुद्धा वाक आला नाही तोच पडद्यावर लाल ठिपका उमटला आणि खाली उत्तर आलं: मोडला.

ती तशीच उठून मैदानावर गेली. पोरगी धावपट्टीच्या टोकाला पोल घेऊन उभी होती.

"थांब!" आई ओरडली. धापा टाकत तिने सगळं सांगितलं. निम्म्या वाकाला मोडतो, मी स्वतः बघितलं.

नाकतोडीने सरांकडे बघितलं, सरांनी नाकतोडीकडे. सर भला माणूस. कोणाचा पाणउतारा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते हळूच म्हणाले, "मॅडम, खूण पडल्यापासून ती याच्यावर रोज उडतेय. पुऱ्या वाकाने. तुमच्या कॉम्प्युटरला सांगा, पोल जिवंत आहे म्हणून."

आणि आई तोंड उघडणार एवढ्यात पोरगी सुटलीसुद्धा. धाड धाड पावलं, टोक खळग्यात रुतलं, पोल वाकला, अगदी पुरा वाकला. मग तो सरळ झाला आणि पोरगी आडवी दांडी ओलांडून पलीकडे गादीवर. उठून तिने दोन्ही हात पसरले. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आईला लाज वाटली. कॉम्प्युटर चुकला म्हणून नाही. कॉम्प्युटर बिचारा सांगितलं तेवढंच करतो. आपण त्याला काय चुकीचं सांगितलं, ते तिला कळेना म्हणून.

ते कळलं सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, रिकाम्या ऑफिसात. चूक अशी होती की ती दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. ती करायला आयुष्य विमानांच्या कामातच जावं लागतं. विमानाच्या भागाला पहिला तडा गेला की चौकशी संपते. तो भाग मेला असं समजायचं आणि जाड करायला सांगायचं. तडा गेल्यावर पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही, कारण तिथवर जाऊच द्यायचं नसतं. त्यामुळे तिच्या कॉम्प्युटरातही तोच शिरस्ता होता. चौकोनात डिंकाला साधी चीर गेली, की अख्खा चौकोन बाद, धाग्यांसकट. डिंक फुटला आणि शिक्षा धाग्यांना! पोल मोडला नव्हता. तिने त्याला जिवंतपणी पुरला होता.

तिने शिरस्ता बदलला. डिंक चिरला तर फक्त डिंक ढिला होईल, धागे राहतील. धागा तुटला तर त्याचा भार शेजाऱ्यांकडे जाईल. हे सगळं सांगायला बराच वेळ गेला, आणि मग यंत्र गुरगुरत कामाला लागलं. ती चहा घेऊन पडद्यासमोर बसली. चहा तसाच निवला.

निळी नळी वाकू लागली. खुणेपाशी लाल ठिपका उमटला. आजवर तिचं काम इथेच संपत असे; आताही तिची बोटं सवयीने थांबवायच्या बटणाकडे गेली. या वेळी नळी वाकतच राहिली. ठिपक्यातले काही धागे तुटले, आणि तुटताक्षणी त्यांच्या दोन्ही बाजूचे धागे निळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे झाले. त्यांनी भार घेतला होता. कोणी हाक मारली नाही, कोणी हिशेब केला नाही. शेजारचा गेला, त्याचं ओझं यांच्या खांद्यावर आलं आणि ते उभे राहिले. तिने चित्र मोठं केलं. मग तिला त्याहून नवलाचं दिसलं. तुटलेले धागेसुद्धा मेले नव्हते. तुटल्या जागी त्यांच्यावर भार नव्हता, पण तिथून जरा लांब गेलं की तोच धागा पुन्हा ताणलेला, पुन्हा कामाला जुंपलेला. दोन्हीकडचा डिंक त्याला कणाकणाने भार परत देत होता. माणसाचं मनगट मोडावं आणि कोपराने पुन्हा घागर उचलावी, तसं.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. इतकी वर्षं ती मोडण्याचा पगार घेत होती आणि मोडणं म्हणजे काय ते तिने आज पहिल्यांदा बघितलं. मोडणं म्हणजे एक क्षण नव्हता. ती एक लांबलचक, गुपचूप चाललेली सांभाळासांभाळ होती. ती थक्क होऊन बघत राहिली. आपल्याला रडू येतंय हे तिला चष्मा धूसर झाल्यावर कळलं, आणि बरं झालं ऑफिसात कोणी नाही, असंही वाटलं.

पोल पुऱ्या वाकाला पोचला आणि टिकला. म्हणजे पोरीचं बरोबर होतं. तिने तो सरळ केला, खूण पडल्यापासून पोरीने मारलेल्या उड्या आधी त्याच्याकडून करून घेतल्या आणि मग पुढच्या मोजत पुन्हा वाकवला. पुन्हा टिकला. पुन्हा. दर उडीगणिक मात्र निळ्या कातडीखाली सुटलेला थर पुढे सरकत होता. खुणेपाशी नाही, खुणेपासून दूर, खालच्या बाजूला, जिथे पोल सगळ्यात जास्त वाकतो तिकडे. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि मग एका वाकाला तो आतला थर फुगून बाहेर आला, ओझं वाहून वाहून पिवळे झालेले सगळे शेजारी एकदम लाल झाले, आणि नळीचे दोन तुकडे झाले. डोळा लवायच्या आत. जे इतका वेळ एकमेकांना धरून होते ते गेलेही एकमेकांबरोबरच.

तिने डिंक थोडा चिवट धरून बघितला, थोडा कच्चा धरून बघितला. कधी चौथ्या उडीला, कधी नवव्या. दहाच्या पुढे एकदाही गेला नाही. आणि जागा दर वेळी तीच: खुणेच्या खाली एक वीत आणि चार बोटं.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा नाकतोडी बुटांच्या नाड्या बांधत होती. निवड तीन दिवसांवर आली होती.

"आई, तू परवा म्हणालीस कधीच मोडायला हवा होता. आज म्हणतेस दहाच्या आत मोडेल. लांडगा आला रे आला! उद्या काय सांगशील?"

"परवा माझं चुकलं."

"मग आज कशावरून नाही चुकलं?"

प्रश्न चोख होता. ती थर, डिंक, वीत, बोटं असं सगळं पुन्हा समजावू लागली. पोरीने मान फिरवली. बापाने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "सुंभ जळेल, पण या घरातला पीळ काही जायचा नाही." पण या वेळी त्यालाही हसू आलं नाही.

आई बोलायची थांबली. मग ती लेकीच्या समोर जमिनीवरच बसली.

"बाळा, आकडे राहू दे. मला भीती वाटते. तू वर असतेस तेव्हा तुझे पाय आभाळाकडे असतात आणि डोकं खाली. तेव्हा तो मोडला तर तुला हात पुढे करायलाही वेळ मिळणार नाही. मी तुला अडवणार नाही. अडवलं तर तू जन्मभर म्हणशील, आईने घालवलं. पण मला फार भीती वाटते गं."

घरात हे वाक्य नवीन होतं. आई कधी घाबरल्याचं सांगत नसे. ती किती टक्के शक्यता आहे ते सांगत असे. नाकतोडीने हातातली नाडी सोडली.

"मग करायचं काय?" तिने विचारलं.

"आमच्या टेस्टिंगच्या शेडमध्ये नेऊ. तुझ्या उडीला जितका वाकतो तितकाच वाकवू, केसभरही जास्त नाही. निवडीला तुझ्या फार तर दहा उड्या होतील. दहा वेळा टिकला, तर तोच पोल घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि वर टेस्टने खराब झाला म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"बाबा, तू साक्षीदार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पोल आपल्या गाडीच्या टपावर बांधून आणला. तिथूनच पुढे सरावाला जायचं म्हणून मऊ पोलही शेजारी बांधला होता. "टेप मी मारली होती, मॅडम," ते म्हणाले. "तेव्हा जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे."

टेस्टिंगची शेड म्हणजे उंच छपराची, सिमेंटच्या जमिनीची जागा. तिथल्या मुख्य बाईंची आणि आईची जुनी मैत्री. नाकतोडी त्यांना मावशी म्हणे. मावशींनी हातमोजे चढवत विचारलं, "आण बघू, आज काय मोडायचंय?"

"मोडायचं नाहीये, मावशी," नाकतोडी ठासून म्हणाली. "वाकवायचंय."

पोलची दोन टोकं दोन खोबणींत बसवली. यंत्र ती टोकं हळूहळू जवळ आणणार होतं, म्हणजे पोल धनुष्यासारखा वाकणार. किती जवळ, ते सरांनी उडीच्या व्हिडिओवरून मोजून दिलं आणि नाकतोडीने स्वतः यंत्रावर लावलं. मावशींनी पोलवर बटणाएवढे दोन माइक चिकटवले आणि स्पीकर चालू केला. "मोडण्याआधी वस्तू बोलते. आपले कान जाड, म्हणून हे." आईने खडू घेतला, खुणेखाली वीत आणि चार बोटं मोजली आणि निळ्या रंगावर एक पांढरी रेघ ओढली. सरांनी भुवया उंचावल्या. खूण वर, रेघ खाली. रेघेपाशी पोल आरशासारखा गुळगुळीत होता.

पहिला वाक सुरू झाला. बराच वेळ नुसतं यंत्राचं गुणगुणणं. पोल पुरा वाकत आला तेव्हा स्पीकरमधून तडतड ऐकू आली, तापल्या तेलात मोहरीचे पहिले दाणे उडावेत तशी. मग यंत्र सैल झालं आणि पोल सरळ झाला, जशाचा तसा.

"एक!" नाकतोडी म्हणाली.

दुसऱ्या वाकाला तडतड जरा लवकर सुरू झाली. मावशींनी आईकडे बघितलं. आईने बघितलं नाही. तिसऱ्याला आणखी लवकर.

"हे काय, मावशी?" पोरीच्या कानांतून ते सुटलं नव्हतं. "आवाज आधीच यायला लागला."

मावशींनी खोटं सांगितलं नाही. "धडधाकट वस्तू एकदा एवढी वाकली की पुन्हा तेवढ्याच वाकाला गप्प बसते. तिचं सांगून झालेलं असतं. आत काही सुटत असेल, तरच ती दर वेळी नव्याने बोलते, आणि लवकर बोलते. थांबायचं का?"

"नाही. दहा ठरलेत."

चौथा टिकला. पाचवाही टिकला. सर मोठ्याने मोजत होते, पण आता त्यांच्या आवाजात पैजेची मजा उरली नव्हती. तडतड वाक सुरू होताच सुरू होऊन शेवटपर्यंत चालत होती, आणि शेडमधली चार माणसं कीर्तनाला बसल्यासारखी ती ऐकत होती. आईला बाहेरचं काही दिसत नव्हतं. प्रत्येक टिचकीसरशी तिला आतले धागे दिसत होते. एक सुटला, शेजारच्याने घेतला, तो सुटला, त्याच्या पलीकडच्याने घेतला. पडद्यावर जे रंगांत दिसलं होतं ते इथे खरोखर, या निळ्या कातडीखाली, तिच्यापासून दोन हातांवर चाललं होतं. आपण आकड्यांतून जे जुळवलं ते या काचेला आधीच ठाऊक होतं, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी ती मनातल्या मनात म्हणत होती, टिक रे बाबा. मी चुकू दे. टिक.

सहावा टिकला. सातव्याला, पोल पुरा वाकायला थोडंच बाकी असताना, तडतड एकाएकी थांबली.

मग धाडकन आवाज झाला. छपरावरची कबुतरं उडाली. पोलचा वरचा तुकडा खोबणीतून सुटून जाळीवर आदळला आणि गडगडत खाली पडला.

पहिली पुढे गेली ती नाकतोडी. तिने खालचा तुकडा बघितला. मोडलेल्या टोकातून काचेचे पांढरे धागे केरसुणीसारखे पिंजून बाहेर आले होते, आणि त्यांच्या मुळाशी, रंगावर, अर्धी खडूची रेघ होती. उरलेली अर्धी दुसऱ्या तुकड्यावर होती. टेप लावलेली खूण वीतभर वर, अजून तशीच साळसूद.

सरांनी टोपी काढली आणि ते बाकावर बसले. "आजच्या सरावात तिला पूर्ण वाकाच्या सात-आठ उड्या मारायला सांगणार होतो मी," ते म्हणाले.

आईला वाटलं होतं की आपण बरोबर ठरलो तर सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिने लेकीला मागून घट्ट धरलं, आणि पोरीने, जी एरवी हात झटकून पळायची, तिला धरू दिलं.

"हात लावू नकोस, कुसळं जातात," आई म्हणाली. एवढंच तिला सुचलं.

"आई, तो त्या दिवशी आपटला, तेव्हाच आतून सुटला होता ना?"

"हो."

"म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या उड्या... तो मोडलेला असतानाच मला वर नेत होता?"

"हो. जे तुटले त्यांचं उरलेल्यांनी घेतलं. रोज थोडे थोडे कमी होत गेले आणि तरी तुला वर नेत राहिले."

पोरगी त्या पांढऱ्या झुबक्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. आईने तो चेहरा ओळखला. सुट्टीच्या दिवशी दुपारी, निवलेल्या चहासमोर, काळ्या पडद्याच्या काचेत तिने स्वतःचा तसाच बघितला होता.

मग मात्र पोरीचा बांध फुटला. "परवा माझं होत नाही, आई."

"नाही होत, बाळा." खोटा धीर द्यायला ती शिकली नव्हती. "मऊ पोलवर नाही होणार."

ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. एक वर्ष म्हणजे सतराव्या वर्षी काय असतं, ते मोठ्या माणसांनी सांगू नये. मावशींनी यंत्र बंद केलं, स्पीकर बंद केला आणि उगाच हातमोज्यांच्या घड्या घालत बसल्या. सर म्हणाले, नवा पोल आजच मागवतो.

रडून झाल्यावर नाकतोडीने बाहीने नाक पुसलं, आईच्या हातातून सुटली आणि दाराबाहेर चालती झाली. गेली वाटतं घरी, असं आईला वाटलं. तेवढ्यात ती परत आली. टपावरचा मऊ पोल सोडवून तिने खांद्यावर घेतला होता. दाराच्या चौकटीला तो लागू नये म्हणून ती आडवी, जपून, पाऊल मोजत आत आली, आणि तिने तो आईसमोर जमिनीवर अलगद ठेवला.

"परवा जेवढं जमेल तेवढं उडते," ती म्हणाली. "पण याला आधी तू तुझ्या कॉम्प्युटरात मोड."

"याला काही लागलेलं नाहीये ना पण?"

"मला काय माहीत? गेलं अख्खं वर्ष मी आपटलंय त्याला."

आईने डोळे पुसले, चष्मा लावला आणि गुडघे टेकून पोलवरून हात फिरवायला सुरुवात केली, एका टोकापासून, वीत वीत करत. मग वर बघून म्हणाली, "धर बघू. उडताना वरचा हात कुठे असतो तुझा?"

पोरीने पोल उचलला आणि दाखवलं.